एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं: आधी काम ठरवा, मग स्क्रूड्रायव्हर घ्या

नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं की जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न गेम खेळणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी पडतो. मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट रिकामाच असतो. मग मनात येतंच, की हेही बसवून टाकलं तर फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) दुप्पट होतील का?

होणार नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण या एका अपेक्षेपायी बरेच जण नको तो खर्च करून बसतात. पण दुसरं कार्ड अगदीच बिनकामाचं आहे असंही नाही. दोघांनी मिळून एकच काम करायचं हे दिवस जवळपास संपले. दोघांना वेगवेगळी कामं वाटून द्यायची, हे मात्र आज छान जमतं. त्यामुळे दुसऱ्या कार्डाला नेमकं कोणतं काम देणार, हे ठरेपर्यंत कॅबिनेट उघडू नका.

दुप्पट का होत नाही

१९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीची वूडू २ ही कार्डं जोडीने लावता येत. पडद्यावरच्या एकाआड एक आडव्या ओळी दोघांत वाटलेल्या असायच्या; या सोयीचं नाव एसएलआय. पुढे ती कंपनी बंद पडली, तिचं तंत्रज्ञान एनव्हिडियाकडे गेलं आणि २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हीच अक्षरं वेगळ्या तंत्रासह परत आणली. २००५ मध्ये एटीआय कंपनीचं तसंच क्रॉसफायर आलं, तेच नंतर एएमडीचं झालं.

या नव्या जोड्या बहुतेक वेळा ओळी वाटून घेत नसत, अख्ख्या फ्रेम वाटून घेत. पहिली फ्रेम एका कार्डाने काढायची, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने. ज्या काळात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असायची, त्या काळात हे झकास चाललं. नंतरच्या खेळांत तसं राहिलं नाही. कडा मऊ करण्यासाठी, सावल्या आणि प्रतिबिंबं स्थिर दिसावीत यासाठी आजचे खेळ मागच्या फ्रेममधली माहिती वापरतात. ती मागची फ्रेम असते दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत. म्हणजे ती आधी इकडे आणा, मग पुढची काढा. या वाट पाहण्यातच जोडीचा फायदा संपतो, कधीकधी तर एकट्या कार्डापेक्षाही वेग कमी पडतो.

त्यातून प्रत्येक खेळासाठी ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वेगळी प्रोफाइल, म्हणजे काम कसं वाटायचं याची नोंद, बनवावी लागायची. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवीन एसएलआय प्रोफाइल बनवणं थांबवलं. आरटीएक्स ३० मालिकेत जोडणीची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला होती आणि तीही ज्या खेळात बनवणाऱ्यांनी स्वतः दोन कार्डांची तजवीज केली आहे तिथेच चालायची. आरटीएक्स ४० मालिकेत जोडणीची जागाच नाही. एएमडीने तर २०१७ मध्येच क्रॉसफायर हे नाव मागे ठेवलं.

खेळ आणि कार्ड यांना जोडणाऱ्या डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये दोन कार्डं वापरायची सोय आजही आहे, पण ती वापरायची की नाही हे खेळ बनवणाऱ्यांच्या हातात. 'अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' या खेळाने ती इतकी मनापासून वापरली की त्यात एएमडी आणि एनव्हिडियाची कार्डंसुद्धा एकत्र काम करत. 'शॅडो ऑफ द टूम रेडर'मध्येही दोन कार्डांचा उपयोग होतो. अशी नावं फार नाहीत. इतक्या थोड्या ग्राहकांसाठी एवढी मेहनत कोण घेणार?

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. ८ जीबीची दोन कार्डं लावली म्हणजे खेळाला १६ जीबी मिळत नाही. फ्रेम वाटून घेताना दोन्ही कार्डांना तेच टेक्श्चर, तेच मॉडेल आपापल्या मेमरीत ठेवावं लागतं. म्हणजे हिशेब ८ जीबीचाच.

मग दुसऱ्या कार्डाला काम काय द्यायचं?

सगळ्यात उपयोगी काम म्हणजे फ्रेम जनरेशन. खेळाच्या खऱ्या फ्रेम मोठं कार्ड काढतं आणि दोन खऱ्या फ्रेमच्या मधली कृत्रिम फ्रेम छोटं कार्ड तयार करतं. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळणारं 'लॉसलेस स्केलिंग' हे सॉफ्टवेअर हे करतं, आणि कोणत्याही कंपनीचं कार्ड कोणत्याही कंपनीच्या कार्डासोबत चालतं. पुढचा बराचसा लेख याच्याबद्दल आहे.

दुसरं काम हौशी लोकांचं: २०१० च्या आसपासचे खेळ, त्याच काळातली दोन सारखी कार्डं आणि एसएलआय किंवा क्रॉसफायर. त्याचेही टप्पे पुढे देतो.

तिसरं काम फिजएक्सचं, म्हणजे खेळातल्या वस्तूंच्या हालचालींचं गणित करणाऱ्या एनव्हिडियाच्या तंत्राचं. आरटीएक्स ५० मालिका २०२५ मध्ये आली तेव्हा हे तंत्र ज्यावर चालतं त्या ३२-बिट कूडाचा आधार काढलेला होता. त्यामुळे 'मिरर्स एज', 'बॉर्डरलँड्स २' अशा जुन्या खेळांत फिजएक्सचा धूर, कापड, उडणारे तुकडे हे सगळं प्रोसेसरवर येऊन खेळ रखडायला लागला. डिसेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरमधून या दोन्हींसह काही खेळांसाठी ही सोय परत दिली. राहिलेल्या जुन्या खेळांसाठी एनव्हिडियाचं एखादं जुनं कार्ड सोबत लावून एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये फिजएक्सचं काम त्याच्यावर सोपवता येतं. तुम्ही हे खेळ खेळतच नसाल तर हा परिच्छेद विसरून जा.

स्ट्रीमिंगसाठी दुसरं कार्ड घ्या, असा सल्ला अजूनही ऐकू येतो. मला तो पटत नाही. आजच्या कार्डांत व्हिडिओ एन्कोड करणारा भाग वेगळाच असतो, त्याचा खेळाच्या फ्रेमवर फार बोजा पडत नाही. उलट एका कार्डावरचं चित्र दुसऱ्यावर नेण्यातच वेळ जातो. जास्तीचे मॉनिटर जोडायला मात्र कुठलंही साधं कार्ड चालेल.

पायरी पहिली: मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा

खरी मेख इथे आहे. मदरबोर्डवर दोन लांब स्लॉट दिसतात म्हणून दोन्ही सारखे, असं समजू नका. स्लॉटची लांबी आणि त्यात खरोखर जोडलेल्या लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साध्या डेस्कटॉप प्रोसेसरकडे ग्राफिक्ससाठी १६ लेन असतात. वरच्या दर्जाच्या मदरबोर्डवर दोन कार्डं लावली की या लेन ८ आणि ८ अशा वाटल्या जातात. बाकीच्या बोर्डांवर सगळ्या १६ वरच्या स्लॉटला जातात आणि खालचा लांब स्लॉट चिपसेटमार्गे (मदरबोर्डवरच्या मदतनीस चिपमार्गे) ४ लेनवर चालतो. काही स्वस्त बोर्डांवर तर तो दिसायला लांब आणि आतून १ लेनचा असतो.

हे मॅन्युअलच्या पहिल्या काही पानांत 'एक्स्पान्शन स्लॉट्स' या मथळ्याखाली लिहिलेलं असतं. तिथली तळटीप नक्की वाचा. अमुक एम.२ जागेत एसएसडी लावली तर दुसरा स्लॉट बंद होईल, हे वाक्य नेमकं त्या बारीक अक्षरांत असतं. कार्ड व्यवस्थित बसलं आहे, पंखे फिरताहेत, तरी विंडोजला ते दिसत नाही. अशा वेळी पहिला संशय याच तळटिपेवर घ्या.

आता ४ लेन पुरतात का? हिशेब सोपा आहे. या स्लॉटच्या जोडणीला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात; तिच्या तिसऱ्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी जातं, चौथ्या पिढीत २, पाचव्यात ४. १४४० रिझोल्यूशनची एक फ्रेम म्हणजे २५६० गुणिले १४४० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट. म्हणजे जवळपास १५ एमबी. सेकंदाला १०० खऱ्या फ्रेम दुसऱ्या कार्डाकडे पाठवायच्या तर दीड जीबी. तिसऱ्या पिढीच्या ४ लेनमध्ये सुमारे ४ जीबीची जागा असते, म्हणजे निभावतं. ४के मध्ये हीच फ्रेम ३३ एमबीची होते आणि १०० फ्रेमला ३.३ जीबी लागतात. कागदावर बसतं, पण कागदावरचा पूर्ण वेग प्रत्यक्षात कधी मिळत नाही आणि त्याच वाटेवर बाकीची ये-जाही असते. त्यामुळे ४के साठी चौथ्या पिढीच्या ४ लेन किंवा तिसऱ्या पिढीच्या ८ लेन धरून चला. एचडीआर (उजेड आणि रंग जास्त खुलवणारा मोड) लावलंत तर बोजा आणखी वाढू शकतो. १ लेनच्या स्लॉटवर १४४० ला ६० फ्रेमही काठावरच जातील, तो नाद सोडा.

८-८ वाटणीने मोठ्या कार्डाचं नुकसान होईल का, ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. चौथ्या पिढीच्या ८ लेनवर बहुतेक खेळांत फरक जाणवतही नाही. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० यांसारखी कार्डं तर मुळातच ८ लेनची असतात.

पायरी दुसरी: जागा आणि हवा

टेप घेऊन मोजा. आजची मोठी कार्डं तीन-तीन स्लॉटची जाडी खातात. दोन लांब स्लॉटमध्ये अंतर कमी असेल तर मोठं कार्ड खालच्या स्लॉटवर पसरतं आणि दुसरं कार्ड बसायला जागाच उरत नाही.

बसलं तरी दोघांमध्ये निदान एका स्लॉटएवढी फट हवी. वरच्या कार्डाचे पंखे खालच्या बाजूने हवा ओढतात. त्यांच्यासमोर दुसऱ्या कार्डाची पाठ चिकटून असेल तर ते त्याच कार्डाची गरम हवा आत घेतात. पूर्वीच्या जोड्यांमध्ये ब्लोअर पद्धतीची कार्डं पसंत केली जायची ती याचसाठी. एका टोकाला एकच पंखा असलेली ही कार्डं गरम हवा मागच्या जाळीतून थेट बाहेर टाकतात. आवाज करतात, पण शेजाऱ्याला भाजत नाहीत. उघड्या पंख्यांची दोन कार्डं लावणार असाल तर कॅबिनेटला पुढून आत हवा घेणारे निदान दोन पंखे असू द्या.

सगळ्यात खालच्या स्लॉटची अडचण वेगळी. मदरबोर्डच्या तळाच्या कडेला पुढच्या यूएसबीची, पॉवर बटणाची, ऑडिओची वायर लावायचे पिन असतात. त्यातल्या यूएसबीचा प्लग बोटाच्या पेराएवढा उभा राहतो. कार्ड खाली आलं की त्याच्या पंख्याचं आवरण नेमकं त्या प्लगवर टेकतं. जोर लावलात तर पिन वाकतात. वायर आधी आडव्या वळवून घ्या किंवा काटकोनातला अडॅप्टर लावा. एवढं करूनही जमत नसेल तर राइझर केबल (स्लॉट लांबवणारी केबल) लावून कार्ड उभं बसवता येतं, पण केबल स्लॉटच्याच पिढीची असली पाहिजे.

पायरी तिसरी: वीज

मोठं कार्ड ३०० वॉट, छोटं १३० वॉट, प्रोसेसर १५० वॉट आणि बाकी सगळं मिळून ७० वॉट धरले तर बेरीज होते ६५०. म्हणून ६५० चा पॉवर सप्लाय पुरेल का? नाही. कार्डं क्षणभरासाठी ठरलेल्या वॉटच्या बरीच वर उडी मारतात, आणि दोन कार्डांची उडी एकाच क्षणी पडली की सप्लाय स्वतःला बंद करून घेतो. या बेरजेला चांगल्या दर्जाचा ८५० वॉटचा सप्लाय योग्य.

स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. सहा पिनच्या जोडणीतून ७५, आठ पिनच्या जोडणीतून १५०. छोटं कार्ड फक्त स्लॉटवर चालणारं असेल तर वेगळी केबल लागतच नाही, ही मोठी सोय. जिथे केबल लागतात तिथे शक्यतो प्रत्येक जोडणीला सप्लायपासून वेगळी केबल आणा. एका कार्डाच्या केबलला लोंबणारी दुसरी शेपटी दुसऱ्या कार्डाला लावू नका.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. जुन्या सप्लायच्या सुट्या केबल कपाटात आहेत म्हणून नव्या सप्लायला लावू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, सप्लायकडच्या टोकाच्या पिन कंपनीगणिक आणि कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक बदलतात. प्लग बसतो, आणि कार्ड जळतं.

पायरी चौथी: बसवणं

कॉम्प्युटर बंद करा, मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा.

कॅबिनेट आडवं झोपवा. उभ्या कॅबिनेटमध्ये जड कार्ड एका हाताने तोलत दुसऱ्या हाताने स्क्रू लावण्याची कसरत कशाला? मोठं कार्ड वरच्या स्लॉटमध्ये, छोटं खालच्या. आधी मागच्या पट्ट्या काढा, कार्ड सरळ खाली दाबा, कुलपाचा टक् आवाज आला की स्क्रू लावा.

वरचं कार्ड पुन्हा काढायची वेळ आली तर त्याचं कुलूप कुठे गेलं हे दिसत नाही. ते कार्डाच्याच पाठीमागे झाकलेलं असतं. बोट पोहोचत नसेल तर प्लास्टिकची पट्टी आत सरकवून खटका दाबा. इथे स्क्रूड्रायव्हर घालू नका. तो निसटला की मदरबोर्डवर चरा उठतो, आणि त्या जागेवरून बारीक तारांचे मार्ग गेलेले असतात.

पहिल्या खेपेला मॉनिटर मोठ्या कार्डालाच जोडा. बायोसचं (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरचं) चित्र सहसा वरच्या स्लॉटमधून येतं. सगळं सुरळीत सुरू झालं की मग वायर हलवायची.

पायरी पाचवी: ड्रायव्हर

एक कार्ड एएमडीचं आणि एक एनव्हिडियाचं असेल तर दोन्ही ड्रायव्हर शेजारी-शेजारी राहतात, भांडत नाहीत. दोन्ही एकाच कंपनीची असतील तर मात्र एकच ड्रायव्हर दोघांना चालवतो, म्हणून त्या आवृत्तीच्या यादीत दोन्ही कार्डांची नावं आहेत का ते आधी पाहा. एक फार जुनं आणि एक अगदी नवं असं असेल तर जोडी इथेच अडते. जुना ड्रायव्हर नीट निघाला नाही असं वाटलं तर सेफ मोडमध्ये जाऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर'ने साफ करा आणि नव्याने टाका.

मग 'जीपीयू-झेड' हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. खाली कार्ड निवडायची यादी असते, त्यातून एकेक कार्ड निवडून 'बस इंटरफेस'ची ओळ वाचा. '@' या खुणेच्या आधी कार्डाची ताकद असते, नंतर प्रत्यक्ष मिळालेली जोडणी. ती पहिल्यांदा बघून बरेच जण दचकतात, कारण चौथ्या पिढीच्या जागी १.१ असं काहीतरी दिसतं. कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवायला जोडणी स्वतःहून मंद होते. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबा, छोटी चाचणी सुरू करा, आकडा वर चढेल. लेनची संख्या मात्र चाचणीनंतरही अपेक्षेपेक्षा कमी दिसली तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेलं नाही.

फ्रेम जनरेशनची जुळणी

कॉम्प्युटर बंद करून मॉनिटरची वायर छोट्या कार्डाला लावा. नवख्याला हे उलटं वाटतं. एवढं मोठं कार्ड असताना मॉनिटर छोट्याला का? कारण शेवटची फ्रेम छोटं कार्ड तयार करतं. मॉनिटर मोठ्या कार्डाला ठेवला तर तयार झालेल्या सगळ्या फ्रेम पुन्हा उलट्या वाटेने पाठवाव्या लागतात, आणि त्या संख्येने दुप्पट असतात.

याचा एक परिणाम लक्षात घ्या. तुमच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट आता छोट्या कार्डाच्या पोर्टवर अवलंबून आहे. एचडीएमआय २.० चं पोर्ट ४के ला ६० हर्ट्झवर थांबतं. मॉनिटरचा वेग फ्रेमशी जुळवणारं जी-सिंक किंवा फ्रीसिंकही त्याच कार्डाच्या कुवतीप्रमाणे चालेल.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जा. खेळाची एक्झी फाइल यादीत घ्या आणि तिच्यासाठी मोठं कार्ड निवडा. हे केलं नाही तर मॉनिटर ज्या कार्डाला जोडला आहे त्यावरच खेळ चालू होण्याची शक्यता असते आणि तुम्ही डोकं धरून बसता. काही खेळांच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही कार्ड निवडता येतं, तिथेही बघून घ्या.

आता लॉसलेस स्केलिंग. त्यात 'प्रिफर्ड जीपीयू' म्हणून छोटं कार्ड निवडा, फ्रेम जनरेशन चालू करा, पट २ ठेवा. खेळ 'बॉर्डरलेस विंडो'मध्ये चालवा. पूर्ण पडदा बळकावणाऱ्या मोडमध्ये हे सॉफ्टवेअर चालत नाही. खेळाच्या खिडकीत असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एस दाबलं की फ्रेम जनरेशन सुरू होतं. फ्रेम दाखवायचा पर्याय लावला असेल तर कोपऱ्यात दोन आकडे दिसतील: खऱ्या फ्रेम आणि एकूण फ्रेम.

खऱ्या फ्रेमवर मर्यादा घाला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि पट २ असेल तर ७२. मर्यादा नसेल तर मोठं कार्ड शंभर टक्क्यांवर अडकतं, फ्रेम कमी-जास्त होतात आणि मधल्या फ्रेमही हेलकावे खातात. ७२ ऐवजी कार्डाला ६५ च्या वर जाताच येत नसेल तर खेळातली एखादी जड सेटिंग खाली आणा; ते सोपं.

हे एका कार्डावरही करता येतं, मग दुसरं कशाला? मधल्या फ्रेम काढायलाही ताकद लागते. समजा एकट्या कार्डावर ७० खऱ्या फ्रेम येतात. त्याच कार्डावर फ्रेम जनरेशन लावलं की खऱ्या ५५ वर घसरतात आणि एकूण ११० दिसतात. दुसऱ्या कार्डाने ते काम उचललं तर खऱ्या ७० च राहतात आणि एकूण १४०. बटण दाबल्यावर हात किती चटकन साथ देतो हे खऱ्या फ्रेमवर ठरतं, त्यामुळे हा ५५ आणि ७० मधला फरक हाताला कळतो. मधली फ्रेम काढायला पुढची खरी फ्रेम हातात यावी लागते, म्हणून थोडा उशीर दोन्हीकडे वाढतोच. नेमबाजीच्या स्पर्धात्मक खेळांत मी हे बंदच ठेवतो. मोठ्या नकाशाचे, रमतगमत खेळायचे खेळ मात्र खरोखर छान दिसतात.

खात्रीसाठी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सचं पान उघडा. दोन कार्डांचे दोन आलेख असतात. खेळ चालू असताना मोठ्या कार्डाचा आलेख वर आणि छोट्याचा मध्यम हवा. उलटं दिसलं तर खेळ छोट्या कार्डावर चालतोय. छोट्या कार्डाचाच आलेख शंभराला टेकला असेल तर लॉसलेस स्केलिंगमधला 'फ्लो स्केल' खाली घ्या. मधल्या फ्रेमचा बारकावा थोडा कमी होतो, पण कार्ड मोकळं होतं.

जुनी जोडी, जुने खेळ

एसएलआयसाठी दोन्ही कार्डांचं मॉडेल एकच लागतं. जीटीएक्स १०८० सोबत १०८० च, १०७० चालणार नाही. कार्ड बनवणारी कंपनी वेगळी असली तरी हरकत नाही. आणि सगळ्या कार्डांत ही सोय नव्हती. जीटीएक्स १०६० ला नाही. आरटीएक्स २०६० आणि साध्या २०७० लाही नाही, २०७० सुपरला आहे. कार्डाच्या वरच्या कडेला सोनेरी दात असलेली पट्टी दिसते का ते पाहा. क्रॉसफायर थोडं सैल होतं, एकाच घराण्यातली सख्खी-चुलत कार्डं चालायची, उदाहरणार्थ आर९ २९० आणि २९०एक्स. वेग मात्र मंद बैलाचाच, मग जोडीतला दुसरा कितीही दमदार असो.

मदरबोर्डला एसएलआयचा परवाना असावा लागतो आणि दोन्ही स्लॉटला निदान ८ लेन. क्रॉसफायर ४ लेनवरही चालतं. दोन्ही कार्डं जोडायला ब्रिज लागतो. तो घेताना स्लॉटमधलं अंतर मोजून घ्या, कारण कडक ब्रिज ठरावीक अंतराचेच मिळतात. आरटीएक्स २० मालिकेचा एनव्हीलिंक ब्रिज वेगळा, जुना त्याला बसत नाही. २०१३ च्या आर९ २९० मालिकेपासून एएमडीने ब्रिजच काढून टाकला, बोलणं स्लॉटमधूनच होतं.

मॉनिटर वरच्या कार्डाला जोडा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये एसएलआय आणि फिजएक्सच्या पानावर थ्रीडी कामगिरी वाढवण्याचा पर्याय निवडा. एसएलआयचा निर्देशक चालू केला की खेळाच्या कडेला हिरवी पट्टी दिसते; ती जितकी उंच तितकी जोडी कामात. हे जुने खेळ पूर्ण पडद्यावरच चालवा, खिडकीत जोडी काम करत नाही.

इथे फ्रेमच्या सरासरीवर जाऊ नका. 'आफ्टरबर्नर' या कार्डावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख लावा. एक फ्रेम ८ मिलिसेकंदात आणि पुढची २५ मिलिसेकंदात आली, तर आकडा ६० दिसतो, डोळ्यांना मात्र चाळिशीतला खेळ दिसतो. या बारीक अडखळण्याने जोड्यांचं नाव फार खराब केलं. एएमडीने २०१३ मध्ये फ्रेम समान अंतराने सोडणारा ड्रायव्हर काढल्यावर बरीच सुधारणा झाली, त्यामुळे त्या बाजूच्या कार्डांना त्यानंतरचाच ड्रायव्हर टाका. आलेख करवतीसारखा दिसला तर फ्रेमची मर्यादा थोडी खाली घालून पाहा. तरीही तसाच राहिला तर त्या खेळापुरती जोडी बंद करून एकाच कार्डावर खेळा.

अडलं तर

जोर पडताच कॉम्प्युटर खाडकन बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर आधी वीज तपासा. आफ्टरबर्नरमध्ये दोन्ही कार्डांची पॉवर मर्यादा ८० टक्क्यांवर आणून पाहा. थांबलं तर सप्लाय कमी पडतोय. तसंही ८० टक्क्यांवर फ्रेम थोड्याच घटतात आणि उष्णता बरीच कमी होते, मी तर दोन कार्डं असताना मर्यादा खालीच ठेवतो.

वरच्या कार्डाचं तापमान एकट्याने असताना होतं त्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी चढलं, तर कॅबिनेटचं झाकण काढून तोच खेळ तितकाच वेळ चालवा. उतरलं तर हवा कमी आहे, पुढचे पंखे वाढवा. झाकण काढूनही उतरलं नाही तर कार्डं फारच चिकटली आहेत. छोटं कार्ड राइझरवर घ्या.

सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. मॉनिटर छोट्या कार्डाला आहे आणि बायोस मोठ्या कार्डातून चित्र पाठवतंय, एवढंच असू शकतं. थोडं थांबलात तर विंडोज आल्यावर चित्र येतं. बायोसमध्ये जायचंच असेल तर तेवढ्यापुरती वायर वरच्या कार्डाला लावा. काही बायोसमध्ये कोणत्या स्लॉटने चित्र द्यायचं हे निवडता येतं, पण ते सगळीकडे नसतं. मॉनिटरला दोन वायर लावून दोन्ही कार्डांना जोडून ठेवायची युक्तीही चालते. मात्र मग विंडोजला ते दोन वेगळे मॉनिटर वाटतात आणि माउसचा बाण दुसऱ्या, न दिसणाऱ्या पडद्यावर जाऊन हरवतो, म्हणून विंडोज आणि पी दाबून एकच पडदा ठेवा.